मोहटोलीतली चुन्याची खोली

वैजू,

तुझी चुन्याची गोणी अनिलभाऊंनी ऑफिसात आणून दिली. अर्धी संपलेली, तोंडाला सुतळी, आणि सुतळीला तुझी ती गाठ, जी सोडवताना माझी नखं मोडतात. "गाडीच्या डिक्कीत होती," म्हणाले. "मले काही समजूनच नाही राहिलं, हिचं काय करू." इतकी वर्षं तुझा नवरा आपल्या घरं आखायच्या कामाला चुना-दोरीचा धंदा म्हणून चिडवत आला, आणि त्या दिवशी गोणी खाली ठेवताना त्यांना माझ्याकडे बघवेना. मी म्हटलं, राहू द्या इथंच. ते जिना उतरून गेले. खाली इतवारीची बाजारपेठ नेहमीसारखी तापलेली होती. टेम्पोवाला हातगाडीवाल्याचा उद्धार करत होता, भांड्यांच्या दुकानात परातींची चळत कोसळली. तू असतीस तर खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून सगळ्यांना झापलं असतंस. मी नुसती गोणीकडे बघत बसले. मला रडू यायच्या आधी राग आला.

राग तुझाच. भांडण अर्धवट टाकून जायची तुझी कधी सवय नव्हती. जेवण अर्धवट टाकशील, चहा टाकशील, नवऱ्याचा फोन मधेच कापशील, पण भांडण नाही.

उद्या तुझी तेरवी. दोन शब्द बोलशील का, म्हणून अनिलभाऊंनी विचारलं. मी नाही म्हटलं. तू कुठे शिकलीस, काय काय बांधलंस, किती मनमिळाऊ होतीस, हे सगळं सांगावं लागणार, आणि मनमिळाऊ म्हटल्यावर मला तिथंच हसू फुटणार. मला तुझ्याविषयी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. मोहटोलीत काय झालं ते तुला सांगायचं आहे. पहिल्यापासून सांगते. एरवी तू मला दोन वाक्यंसुद्धा सलग बोलू द्यायची नाहीस, आज ऐकून घे.

धरणाच्या पाण्यातली ती टेकडी. खालचं गाव पाण्यात गेलं तेव्हा बहुतेक लोक मिळालेल्या प्लॉटवर राहायला गेले, आणि ज्यांचं पोट मासोळीवर होतं ती थोडी घरं टेकडीवर चढून बसली. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे बसायला छपरी, चारही बाजूंनी पाणी. डोंग्याशिवाय पोचता येत नाही. मग नागपूरचे लोक रविवारी काठावर येऊन त्या टेकडीचे फोटो काढायला लागले. मग डोंग्यात बसून वर जायला लागले. मग चुलीवरचं जेवण मागायला लागले, आणि बाटल्या, प्लेटा तिथंच टाकून घरी यायला लागले. तेव्हा कमल आपला जिना चढून वर आली. नवऱ्याबरोबर जाळी टाकणारी, बायकांचा बचत गट चालवणारी कमल. तुझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "लोकं तं येऊनच राहिले, ताई. त्याईले थांबवता येत नाही. मंग आमच्या मर्जीनं येऊ द्या." तू तिला बसायला खुर्ची दिलीस आणि दुसऱ्याच दिवशी हातातलं काम बाजूला सारलंस.

त्याच सुमारास टेकडीच्या माथ्यावर, मोहाच्या झाडांत, काचेची कॉटेजेस बांधायला एक रिसॉर्टवाली कंपनी टपून बसली होती. पोरांना नोकऱ्या देऊ म्हणत होती. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष सुखदेवभाऊ तिकडे झुकलेले आपल्याला दिसत होते. शेवटी गावानं सभा ठरवली. सभेत एक तर आपला नकाशा घ्यायचा, नाही तर माथा कंपनीला द्यायचा. एकदा माथा गेला की कमल आणि तिच्यासारख्या बायका स्वतःच्याच टेकडीवर भांडी घासायला उरणार, हे त्यांनाही कळत होतं आणि आपल्यालाही. अशा वेळी आपण एका तोंडानं बोलायला हवं होतं. आणि आपल्याकडे नकाशे दोन होते. एक तुझा, एक माझा.

तुझ्या नकाशात प्रत्येक घराला पाहुण्याची एक खोली जोडलेली. मातीचीच, कवेलूचीच, छपरीला लागून, आणि घर आणि खोलीच्या मधे एक दार. पाहुणा त्या दारातून घरात येईल, चुलीजवळ पाटावर बसेल, घरच्यांत जेवेल. माझ्या नकाशात पाहुण्यांच्या खोल्या वेगळ्या, माथ्याच्या खाली झाडांच्या सावलीत, घरांपासून हाकेच्या अंतरावर. बाकी सगळ्यावर आपलं एकमत होतं. संडासाचं पाणी तलावात जाणार नाही, कचरा ज्या डोंग्यातून आला त्यातूनच परत जाईल, एसी नाही, काच नाही, पाहुणे गावातल्या माणसांपेक्षा जास्त नाहीत. भांडण होतं ते खोली कुठे आणि मधलं दार हवं की नको, याचं.

"वेगळ्या बांधशील तर काही वर्षांत त्या खोल्या बाहेरच्या कोणाच्या तरी होऊन जातील," तू म्हणायचीस. "घराला चिकटलेली खोली कोणी उचलून नाही नेत."

"आणि मधे दार ठेवशील तर त्या बाईचं घर तिचं राहणार नाही. उठल्यापासून निजेपर्यंत तिला हसऱ्या चेहऱ्यानं फिरावं लागेल."

चिडलीस की तू सरळ माहेरच्या बोलीवर यायचीस. "काहून वं सुषमे, पाहुणा आला म्हंजे का चोर आला?"

"चोर बरा. तो आपलं काम करून निघून तरी जातो."

"तुले माणसायचा भरवसाच नाही!"

"आणि तुला बायकांचे हाल दिसत नाहीत!"

एकदा खालचे भांडीवाले शेठ वर येऊन विचारून गेले होते, ताई, सगळं ठीक आहे ना. तू त्यांना चहा पाजलास आणि ते असताना आपण एकमेकींशी अगदी गोड बोललो. ते जिन्यावर पोचायच्या आत परत सुरू.

तुझी काम करायची रीत मला पहिल्यांदा पाहिली तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटली होती. कागदावरचा नकाशा कुणाला दाखवायचा नाही. जमिनीवर खऱ्या मापाची खोली चुन्यानं आखायची, दाराच्या जागी चुना सोडायचा, आणि घरच्यांना म्हणायचं, आता इथं राहून दाखवा. भिंत म्हणजे भिंत, चुना ओलांडायचा नाही, यायचं-जायचं ते दारातून. जरीपटक्यातल्या त्या घराची आखणी आठवते? सासू आणि सून चुन्याच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ओट्यावरून अशा जुंपल्या की गल्ली गोळा झाली. एक वीट रचलेली नव्हती. तू माझ्या कानात म्हणालीस, "आता कळलं घर कुठं दुखते ते." मला मात्र आपल्या ऑफिसच्या गच्चीवर चुन्याच्या खोलीत आडवं व्हायला लावायचीस, पलंग मावतो का बघायला, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं विचारलं तर सांगायचीस, हिची तब्येत बरी नाही.

आणि तुझी ती तुळई. दोन भावांची वाटणी झाली होती, तेही जरीपटक्यातच. मधे सलग भिंत पाहिजे, दार नको, खिडकी नको, फटसुद्धा नको. तू सगळ्याला हो म्हणालीस आणि गवंड्याला हळूच सांगितलंस, भिंतीत दाराच्या उंचीवर एक आडवी तुळई टाक, खाली विटा भरून घे, वरून गिलावा. बाहेरून काही दिसत नाही. पण पुढे कधी दार करावंसं वाटलं तर खालच्या विटा काढायच्या, वरची भिंत जागची हलत नाही. मी तुझ्यावर उखडले होते. लोकांनी मागितलं नाही ते आपण का करायचं? तू म्हणालीस, "आज नाही मागत वं. भावाभावात का एकच दिवस राह्यते?" त्या भावांनी ते दार अजून केलेलं नाही. मी मधे मुद्दाम त्या गल्लीतून जाऊन बघून आले होते. तुला सांगितलं नव्हतं.

मोहटोलीत तू गेल्या खेपेला कमलच्या घराला लागून तुझी खोली आखलीस. मी बाजूला हाताची घडी घालून उभी होते, कारण माझी आखणी पुढच्या खेपेला व्हायची होती. तू घामानं निथळत होतीस, पण गोणी कुणाच्या हाती देईनास. मधल्या दाराची जागा सोडलीस, घरातून खोलीत, खोलीतून घरात, आणि कमलला सांगितलंस की सभा होईपर्यंत ही खोली खरी आहे असंच समजून वागा. एक कोंबडी चुना ओलांडून आत आली तर तिलाही झापलंस, "भिंतीतून कुठं चालली वं?" सगळ्या बायका हसल्या. सुखदेवभाऊ नाही हसले. ते लांब मोहाच्या झाडाखाली उभे राहून फोनवर कंपनीवाल्यांशी बोलत होते.

मग ती शेवटची संध्याकाळ. मी फोन केला तो भांडायलाच केला, हे कबूल. सभा तोंडावर आली होती आणि दोघींपैकी कुणीच मागे हटत नव्हतं. तू नेहमीपेक्षा जास्त जोरात भांडलीस. दार पाहिजेच, म्हणालीस. दाराशिवाय ती खोली म्हणजे लॉज, म्हणालीस. मी म्हटलं, मग दोन्ही नकाशे ठेवू गावापुढे, होऊ दे काय व्हायचं ते. तू जराशी थांबलीस. मग हसलीस. "उद्या ये लवकर. तुले एक सांगायचं हाये. पण आधी भांडू." मी फोन आपटला. तुझं हसणं मला त्या वेळी अगदी नको झालं होतं.

सकाळी अनिलभाऊंचा फोन आला. चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस आणि उठली नाहीस.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. सुखदेवभाऊंचा फोन तेवढा लक्षात आहे. "ताई, वैजूताईचं लई वाईट झालं. पण सभा पुढं ढकलता येत नाही. कंपनीवाले येऊन राहिले. तुमी येता का, का सोडून द्यायचं?" सोडून द्यायचं, हे शब्द त्यांनी इतक्या थंडपणे उच्चारले की माझ्या अंगात आग उठली. येते, म्हटलं.

आता तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे? मी तुझा नकाशा ऑफिसातच ठेवला. फक्त माझा घेतला. तू भांडायला नव्हतीस आणि तुझी बाजू तुझ्यासारखी मांडणं मला जमणार नव्हतं. आणि मला माझंच बरोबर वाटत होतं, आजही अर्धं वाटतं. तुझी गोणी मात्र घेतली. सभेआधी लवकर पोचून तुझ्या खोलीवर माती सारायची आणि वरच्या अंगाला माझ्या खोल्या आखायच्या, असा माझा बेत होता. कन्हानला आपण नेहमी चहाला थांबायचो, त्या टपरीवरून मी गाडी न थांबवता पुढे काढली. टपरीवाल्यानं हात केला. एकटीला बघून त्यानं काही विचारलं असतं, तर मी पुढे जाऊ शकले नसते.

काठावर कमल डोंगा घेऊन उभी होती. वारं उठलं होतं, पाणी खवळलेलं. गोणी भिजू नये म्हणून मी ती मांडीवर धरून बसले. कमल वल्हवत होती. टेकडीवर काय चाललंय, बायका काय म्हणतात, सुखदेवभाऊंनी काय ठरवलंय, मी विचारत राहिले आणि ती नुसती "पाहा नं तुमी" म्हणत राहिली. वाटलं, गेला माथा. मधेच ती म्हणाली, "वैजूताई नाही तं डोंगा हलका लागून राहिला." तू असतीस तर म्हणाली असतीस, माह्या वजनावर बोलू नको वं. मी पाण्याकडे तोंड केलं.

वर चढले आणि सवयीनं सरळ कमलच्या अंगणात शिरायला निघाले. तिनं माझा दंड धरला. "ताई, तिकून या. दार तिकडं हाये."

तुझी खोली तिथंच होती, वैजू. वाऱ्यानं चुना उडायला हवा होता, पण रेघा ताज्या होत्या. पांढऱ्या नव्हत्या, करड्या होत्या. बायकांनी चुलीतली राख आणून रोज तुझ्या रेघांवरून पुन्हा रेघा ओढल्या होत्या. आणि फक्त कमलच्याच घराला नाही. शेजारच्या घराला लागून एक राखेची खोली, त्याच्या पलीकडे एक, उतारावरच्या घराला एक. काही वाकड्या, एक तर चक्क तिरकी, एकीत दार इतकं अरुंद की पाहुण्याला आडवं होऊन शिरावं लागेल. सगळी मोहटोली जमिनीवर आखलेली होती. आत घोंगड्या अंथरल्या होत्या. एका खोलीत एक म्हातारी पाहुणी बनून बसली होती आणि तिची सून तिला राखेच्या दारातून पाणी आणून देत होती. तू सांगितलं होतंस, खरी समजून वागा. त्या वागत होत्या. कोणी थांबा म्हटलंच नव्हतं.

आणि मी कमलच्या खोलीकडे बघितलं तर तुझं मधलं दार नव्हतं. घरातून खोलीत जायची जी जागा तू सोडली होतीस, तिथं राखेची जाड रेघ होती. दार तलावाच्या बाजूला निघालं होतं. मी दुसऱ्या घराकडे गेले. तिथंही मधे रेघ. तिसऱ्यालाही तेच.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," कमल म्हणाली. "जाऊबाई पाहुणी बनून बसली होती तुमच्या त्या दारासमोर. दोन दिवस. चूल पेटवली तं पाठीवर नजर, लेकराले मारलं तं नजर, पदर पडला तं नजर. जाऊबाईच हाये ती, तरी मले राग येऊन राहिला. मंग बुजवून टाकलं. आमच्या घरी जेवायचं असन तं पाहुण्यानं अंगणातून यावं, आवाज देऊन यावं." मग तिनं लगेच पुढे म्हटलं, "पण खोली घरालेच पाह्यजे हा, ताई. वरतं दूर नाही पाह्यजे. वरतं बांधली का सुखदेवभाऊ म्हणन, एक भिंत आनखी वाढवा, आन् देऊन टाका कंपनीले."

तुझी खोली आणि माझी भिंत. मी तिथं गोणी कडेवर घेऊन उभी राहिले. अर्धं भांडण मी जिंकले होते. मी जिंकले की तू जी कुजकट मान हलवायचीस, ती हलवायला कुणी नव्हतं. अर्धं मी हरले होते, आणि मी हरले की तू माझ्याकडे जी समोशाची पार्टी मागायचीस, तीही मागायला कुणी नव्हतं.

पण सभा बाकी होती. बायकांनी काय आखलं याला सुखदेवभाऊ काय म्हणतात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दरवेळी सभा मोहाच्या झाडाखाली होते, पुरुष सतरंजीवर, बायका मागे उभ्या. कमल म्हणाली, आज सभा आमच्या खोलीत. एवढंच म्हणाली, आणि बायका आपापल्या घोंगड्या आणून तुझ्या चुन्याच्या खोलीत दाटीनं बसल्या. जागा पुरेना. पुरुष कुरकुरत आले, राखेच्या दारातून एकेक करून आत शिरले, सुखदेवभाऊ सगळ्यांत शेवटी. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावायची माझी हिंमत झाली नाही. ते दाराजवळच बसले.

कंपनीचा माणूस उशिरा आला. त्यांच्या मोटरबोटीचा आवाज आधी आला, मग तो. स्वच्छ पांढरे बूट, हातात टॅब, त्यावर काचेच्या कॉटेजची चित्रं. त्यानं आमच्याकडे हसून हात जोडले आणि सरळ पुढे आला. राखेची रेघ त्याच्या बुटाखाली पुसली गेली. एक पाय आत, एक बाहेर. मी कमलकडे बघितलं, कमल सुखदेवभाऊंकडे.

सुखदेवभाऊंनी मान वर केली. "साहेब," ते म्हणाले, "भिंतीतून नका येऊ. दार तिकडं हाये."

माणूस गोंधळला. त्यानं खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं, त्याला भिंत काही दिसेना. "कुठली भिंत?" म्हणाला. कुणी हसलं नाही, वैजू. एक बाई उठली, मुठीत राख घेऊन आली, आणि तो पाय बाहेर काढायची वाट बघत त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं पाय काढला. तिनं रेघ नीट केली. मग तो फिरून दारातून आला, पण त्यानंतर तो जे काही बोलला ते त्याचं त्यालाच पटत नसावं. नोकऱ्यांचं बोलला, विकासाचं बोलला, टॅब फिरवला. सुखदेवभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यंदा माथा कोनाले देत नाही. आधी ह्या खोल्या होऊ द्या. मंग पाहू."

मंग पाहू, हे लक्षात घे. जिंकलो म्हणून नाचायचं काही कारण नाही. पुढच्या वर्षी मोटरबोट परत येईल. खोल्या नीट झाल्या नाहीत, पाहुण्यांनी घाण केली, बायका थकल्या, तर हेच सुखदेवभाऊ माथा देऊन मोकळे होतील, आणि त्यात त्यांचीही चूक नसेल. मला अजून झोप नीट लागत नाही. पण यंदापुरता माथा वाचला. तुझ्या चुन्यानं वाचवला, हे मला मान्य करावंच लागेल, आणि ते मान्य करायला माझ्या किती जिवावर येतंय ते तुला एकटीलाच कळेल.

सभा उठल्यावर कमल चहा घेऊन आली, अंगणातून, आवाज देऊन. पाहुण्यांसाठीचा नियम तिनं आधी स्वतःलाच लावला. शेजारी बसून म्हणाली, "दार बुजवलं तेव्हा मले लई भेव वाटलं होतं. वैजूताईनं आखलेलं आपन कसं काय मोडलं. मंग म्या फोन करून सांगून टाकलं त्याईले."

"कधी?"

"त्याच दिवशी नं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. दुपारी केला होता. म्हटलं, ताई रागावू नका. त्या काईच नाही बोलल्या. हासल्याच हासल्या. म्हणे, सुषमीले मीच सांगते, तू नको सांगू."

दुपारी. आणि मी फोन केला तो संध्याकाळी.

म्हणजे तुला माहीत होतं, भवाने. दार बुजलं, तू हरलीस, हे तुला माहीत होतं, आणि तरी तू संध्याकाळभर त्या दारासाठी गळा फाडून भांडलीस. दाराशिवाय लॉज, म्हणालीस! मी फोन आपटला आणि तू पलीकडे हसत बसली असशील. उद्या मी आल्यावर आधी परत भांडणार होतीस, मला घसा बसेपर्यंत ओरडायला लावणार होतीस, आणि मग शांतपणे सांगणार होतीस. मी तिथं कमलच्या त्या खोलीत बसून इतकी रडले की ती बिचारी घाबरली. तिनं चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला. मी तिला कसं सांगणार, की मला वाईट वाटून रडू आलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्याशी भांडायला इतकं आवडणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही. आईच्या आजारपणात मी घरी बसले तेव्हा माझं टेबल तू कुणाला दिलं नाहीस, आणि परत आले तेव्हा बस म्हणण्याऐवजी पहिलं वाक्य म्हणालीस, "ही खिडकी कोणत्या शहाणीनं इथं काढली होती?" ती मीच काढली होती. आणि आपण दुपारपर्यंत भांडलो. त्या दिवशी मला पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं होतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

निघायच्या आधी आम्ही कमलच्या खोलीची मापं पक्की केली. मातीच्या विटा, कवेलू, दार तलावाकडे. मधली भिंत सलग, दार नाही, खिडकी नाही. मी कागदावर ती भिंत काढली आणि पेन्सिल तिथंच थांबली. मग मी कमलला म्हटलं, या भिंतीत, तुझ्या डोक्याच्या वर, एक आडवी तुळई टाकू. सागाची. खाली विटा भरून घेऊ. बाहेरून काही दिसणार नाही.

कमलनं भिंतीच्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दार करायचंच नाही, तं तुळई काहून टाकता, ताई?"

"आमचं भांडण अजून मिटलं नाही," मी म्हटलं.

ती पदर खोचत उठली. "टाका मंग," म्हणाली, आणि तुळईची जागा आखायला चुलीतली राख आणायला आत गेली.